हॉरर कॉमिकचा लोगो आणि आतली पानं: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

हॉरर कॉमिक करतोय, जरा बघ ना, म्हणून लोक फाईल पाठवतात आणि जवळजवळ दर वेळी तोच प्रकार असतो. लोगो एकदम तयार, अक्षरातून रक्त ठिबकतंय, मागे धुकं, आणि आतलं पान उघडलं की संवादाचे फुगे पात्रांच्या कपाळावर बसलेत कारण चित्र काढताना त्यांच्यासाठी जागाच सोडलेली नसते. वर आणि भूत येतं ते उजव्या पानावर, म्हणजे डावं पान वाचायच्या आधीच वाचकाची त्याच्याशी नजरानजर होऊन गेलेली असते. चित्रं वाईट नसतात हो, क्रम चुकलेला असतो.

म्हणून इथे फक्त क्रम सांगतोय आणि प्रत्येक टप्प्यात कुठे माती होते ते. उदाहरणाला एक मनातलं २४ पानी कॉमिक धरू, नाव "मधलं घर". गोष्ट एवढीच की दोन घरांच्या मधे असलेल्या बंद घरात एक मुलगी शिरते, जिना चढताना १३ पायऱ्या मोजते आणि उतरताना त्या संपतच नाहीत.

## टप्पा १: पेन्सिल उचलायच्या आधीची तयारी

आधी ठरवा की हे कागदावर छापायचंय की फक्त मोबाईलवर वाचायचंय. "दोन्ही" हे उत्तर असेल तर कागदासाठी करा, कागदाचं मोबाईलवर नेता येतं, उलटं करायला गेलात तर पिक्सेल फाटतात.

साईझ ए५ धरू, म्हणजे कापून झालेलं पान १४८ बाय २१० मिमी. चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड सोडायचं म्हणजे फाईल १५४ बाय २१६ मिमीची. ब्लीड म्हणजे जे कापून फेकलं जाणार आहे ते, पण चित्र तिथपर्यंत न्यावंच लागतं, कारण कटरचं पातं कधी मिलीमीटरभर इकडे तर कधी तिकडे पडतं आणि मग काळ्याकुट्ट पानाच्या कडेला पांढरी रेघ दिसते. हॉररमध्ये पानं काळी असतात त्यामुळे ती रेघ जास्तच डोळ्यात खुपते. कापायच्या रेघेपासून आत निदान ८ मिमी सोडून सेफ एरिया ठेवा, चेहरे आणि अक्षरं त्याच्या आतच.

हाताने काढणार असाल तर ए४ चौकटीत काढा (कागद थोडा मोठाच घ्या, ब्लीड बाहेर जातं), छापताना ते साधारण ७१ टक्क्यांवर येतं. म्हणजे ०.३ मिमीच्या पेनाची रेघ ०.२ मिमी होणार. अगदी केसासारख्या बारीक रेघांनी सावली भरायची सवय असेल तर ती अर्धी गायब होते, हे आधीच डोक्यात ठेवा. डिजिटल काम करणाऱ्यांनी लाईन आर्टसाठी, म्हणजे नुसत्या काळ्या रेघांच्या चित्रासाठी, ६०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके) धरा, वरच्या साईझला ते साधारण ३६३८ बाय ५१०२ पिक्सेल होतं. रंगाला ३०० पुरतं, पण काळ्या रेघेला ३०० वर कडा दातेरी दिसतात.

एकच रिकामी टेम्प्लेट फाईल करून ठेवा, त्यात ब्लीड, कापायची रेघ आणि सेफ एरिया वेगळ्या लेअरवर, आणि प्रत्येक पान त्याचीच कॉपी. पाचव्या पानाला मार्जिन एक आणि नवव्याला दुसरंच, असं झालं की पुस्तक हातात घेतल्यावर काहीतरी बिनसलंय हे कळतं पण नक्की काय ते सांगता येत नाही.

तपासा: कोरी टेम्प्लेट घरच्या प्रिंटरवर १०० टक्के साईझला छापा आणि पट्टीने मोजा. "फिट टू पेज" चालू राहिलं तर पुढची सगळी मापं खोटी.

## टप्पा २: पानांचा नकाशा

हा टप्पा सगळे टाळतात आणि माझ्या मते हॉररची निम्मी भीती इथेच ठरते.

पान १ नेहमी उजवीकडे येतं. म्हणजे विषम पानं उजवीकडे, सम पानं डावीकडे. वाचक पान उलटतो तेव्हा त्याला आधी दिसतं ते सम पान. त्यामुळे नियम अगदी सोपा आहे: धक्का सम पानावर, आणि धक्क्याची तयारी त्याच्या आधीच्या विषम पानाच्या शेवटच्या पॅनेलमध्ये, म्हणजे चित्राच्या चौकटीत. धक्का उजव्या पानावर ठेवलात तर पान उलटताक्षणी समोरासमोरची दोन्ही पानं एकदम दिसतात, डोळा मोठ्या चित्राकडे आधी धावतो आणि डाव्या पानावर तुम्ही रचलेली सगळी कुजबुज वाया.

एका कागदावर छोटे चौकोन काढा: १ एकटं, मग २-३, ४-५, असं २२-२३ पर्यंत आणि २४ एकटं. कव्हर वेगळं, त्याची ४ पानं यात धरायची नाहीत. मधोमध पिन मारायचं पुस्तक असेल तर एकूण पानं ४ च्या पटीतच हवीत, कारण एक कागद दुमडला की ४ पानं होतात.

आता २४ पानांत बरोबर मधे येतात १२ आणि १३. ही जोडी एकाच सलग कागदावर छापली जाते, बाकीच्या जोड्या दोन वेगवेगळ्या कागदांवर येतात आणि चित्र मधल्या घडीवर अर्धा-एक मिलीमीटर सरकू शकतं. म्हणून दोन पानी मोठं चित्र असेल तर त्याची जागा १२-१३. "मधलं घर" मध्ये न संपणारा जिना तिथेच ठेवायचा. फक्त पिनासुद्धा तिथेच बसतात हे विसरू नका, घडीच्या रेषेवर चेहरा नको.

माझ्या पहिल्याच अंकात मी हे सगळं व्यवस्थित केलं होतं आणि शेवटच्या दिवशी नावांचं एक पान सुरुवातीला घुसवलं. चित्रकार, लेखक, आभार वगैरे. शेवटचं एक पान काढून आकडा २४ चा २४ ठेवला आणि स्वतःवरच खूष झालो. पण सगळी पानं एकाने सरकली, प्रत्येक धक्का उजवीकडे गेला. छापून आल्यावर कळलं. तेव्हापासून नावं, आभार, जाहिरात सगळं कव्हरच्या आतल्या बाजूला.

थांबा: नकाशा पक्का झाल्यावर मधे पान घालायचं किंवा काढायचं असेल तर दोनच्या जोडीने, आणि तेही चारचा हिशोब परत बघून. एकटं पान कधीच नाही.

फक्त मोबाईलवर स्क्रोल करून वाचायचं असेल तर सम-विषम विसरा. तिथे पान उलटणं नसतं, तिथे दोन पॅनेलमधली रिकामी जागा पान उलटण्याचं काम करते, धक्क्याच्या आधी एक पूर्ण स्क्रीनभर काळी पोकळी सोडली की अंगठा आपोआप हळू होतो. रुंदी ८०० पिक्सेल ठेवण्याची बऱ्यापैकी पद्धत आहे, पण काढताना दुप्पट-तिप्पट काढा आणि शेवटी लहान करा.

## टप्पा ३: थंबनेल, आणि एक पान जवळून

थंबनेल म्हणजे पानाचं छोटं कच्चं चित्र, ती पत्त्याच्या पानाएवढी काढायची, मोठी नाही. जाड मार्कर घ्या म्हणजे डोळे-पापण्या काढायचा मोहच होणार नाही. तीनच छटा: पांढरा, करडा, काळा. आणि फुगे आत्ताच, याच टप्प्यावर, गोल काढून ठेवायचे.

आता पान ११ बघू. मुलगी अंधारात टॉर्च घेऊन उतरतेय. पाच आडवी पॅनेल्स, एकाखाली एक, जिन्यासारखीच. कॅमेरा हलत नाही, कोन तोच, फक्त टॉर्चचा गोल प्रत्येक पॅनेलमध्ये थोडा लहान होतो. पहिल्यात "अकरा", दुसऱ्यात "बारा", तिसऱ्यात "तेरा". चौथ्यात शब्द नाही, पाय जमीन शोधतोय. पाचवं पॅनेल अगदी चिंचोळं, अधांतरी पाऊल आणि एकच शब्द: "चौदा?"

पान उलटलं की १२-१३ सलग. वर डाव्या कोपऱ्यात नखाएवढी मुलगी आणि जिना खाली उजवीकडे जातोय, जातोय, पानाच्या बाहेर. एक शब्द नाही, एक आवाज नाही.

माझ्या पहिल्या कच्च्या रेखाटनात पाचव्या पॅनेलमध्ये तिचा घाबरलेला चेहरा होता, डोळे वटारलेले, तोंड उघडं. तो काढून टाकला. चेहरा घाबरला की वाचकाला कळतं पुढे काहीतरी भयंकर आहे, आणि मग तो तयारीने पान उलटतो. नुसतं पाऊल असलं की तो "चौदा?" एवढंच घेऊन उलटतो. दुसरी गोष्ट, पाचही पॅनेल्स सारख्या उंचीची होती त्यामुळे लय सपाट वाटत होती. शेवटचं चिंचोळं केल्यावर श्वास आखडल्यासारखा झाला.

काळ्या रंगाचाही हिशोब इथेच करा. नवीन माणूस पहिल्या पानापासून सगळं काळं करतो आणि मग पान १२ ला वेगळं काही वाटतच नाही. पहिली सात-आठ पानं उजेडाची ठेवा, भिंती पांढऱ्या, सावल्या छोट्या, आणि मग पानागणिक काळा वाढवत न्या. सगळी २४ थंबनेल्स एका ओळीत मांडून डोळे बारीक करून बघा, डावीकडून उजवीकडे अंधार पडत जाताना दिसला पाहिजे.

तपासा: थंबनेल्स कापून, दुमडून, पिन मारून पुस्तकाची डमी करा आणि खरोखर पानं उलटून वाचा. स्क्रीनवर जे खटकत नाही ते हातात लगेच खटकतं.

## टप्पा ४: आता लोगो

हो, आत्ता. चौथ्या नंबरवर. कारण थंबनेल्स झाल्यावर तुम्हाला कळलेलं असतं की या गोष्टीतली भीती नक्की कसली आहे. "मधलं घर" मध्ये रक्ताचा एक थेंबही नाही, मग लोगोतून रक्त कशाला गळतंय? इथली भीती आहे ती खाली-खाली जाण्याची आणि दोन्ही बाजूंनी दाबलं जाण्याची. लोगोने तेच सांगायला हवं.

४.१ आधी हाताने लिहा. ब्रश, बोरू, जळकी काडी, काहीही. ज्या हत्याराने आतली पानं इंक करणार, म्हणजे पेन्सिलवरून शाई फिरवणार, तेच घेतलंत तर उत्तम, कव्हर आणि आतली पानं एकाच घरातली वाटतात. नाव निदान ३० वेळा लिहा. पहिली दहा सगळ्यांसारखीच येतात, पुढची कंटाळून येतात आणि त्यातच एखादं अक्षर गवसतं.

४.२ करामत एकच. तडे, थेंब, कोळ्याचं जाळं, कवटी, पंजाचे ओरखडे, एका लोगोत यातलं एकच काही. माझा कल नेहमी जे शब्दातच आहे ते वापरण्याकडे असतो. इथे "मधलं" च्या शेवटच्या "ल" चा दांडा सरळ खाली लांबवून त्यावर पायऱ्यांसारख्या खाचा पाडल्या तर काम झालं, बाकी अक्षरं साधी, जड, शांत.

४.३ देवनागरीचे सापळे. यावर जरा थांबतो कारण हे इंग्रजी लोगो बघून शिकलेल्यांना कुणी सांगत नाही.

भीतीदायक करायचं म्हणून शिरोरेखा तोडायची फॅशन आहे. पण घ आणि ध, म आणि भ यांच्यातला फरक बराचसा वरच्या डाव्या कोपऱ्यातच असतो. "मधलं घर" ची शिरोरेखा मनाला येईल तिथे फाडली तर ते "भधलं धर" वाचलं जातं. मी हे होताना बघितलंय, आणि ज्याने काढलं त्याला शेवटपर्यंत दिसत नाही कारण त्याला नाव पाठ असतं. शिरोरेखा तोडायचीच तर दोन अक्षरांच्या मधे किंवा र सारख्या अक्षरावर तोडा, जिथे काही बिघडत नाही.

दुसरा सापळा थेंबाचा. अक्षराच्या वर उडालेला रक्ताचा शिंतोडा म्हणजे अनुस्वार, खाली पडलेला थेंब म्हणजे नुक्ता, आणि दांड्याखालून वळून ओघळलेली धार म्हणजे सरळ उकार. शिंतोडे टाकायचे असतील तर अक्षरांपासून लांब, आणि खऱ्या अनुस्वारापेक्षा स्पष्टपणे लहान किंवा आकाराने वेडेवाकडे. तिसरा, ख असलेलं नाव: दोन भागात अंतर पडलं की "खोली" ची "रवोली" होते.

आणि शिरोरेखा सगळ्या अक्षरांना सारखीच, त्यामुळे अक्षर ओळखू येतं ते तिच्या खालच्या पट्ट्यात. इंग्रजी लोगोचा खालचा भाग पात्राच्या डोक्याने झाकला तरी बऱ्याचदा वाचता येतो. आपल्याकडे तसं झाकलं की संपलं.

४.४ काळा-पांढरा आधी. रंग, चमक, सावली सगळं बाजूला. काळ्यावर पांढरा आणि पांढऱ्यावर काळा, दोन्हीत उभा राहिला तरच पुढे जा. नुसत्या चमकेवर उभा असलेला लोगो एका रंगात छापला की कोसळतो.

४.५ व्हेक्टर करा, म्हणजे कितीही मोठा केला तरी न फाटणारा. ६०० डीपीआयला स्कॅन करून इलस्ट्रेटरमध्ये इमेज ट्रेस किंवा इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप. आपोआप ट्रेस झालेल्यात हजारभर फालतू बिंदू येतात, ते हाताने कमी करा, पण ब्रशचा खडबडीतपणा घालवू नका, नाहीतर भूत सोडून बँकेचा लोगो तयार होईल. तयार फॉन्टवरून सुरुवात करणार असाल तर लायसन्स वाचा, फुकट उतरवता येतो म्हणजे छापून विकता येतो असं नाही. ओपन फॉन्ट लायसन्सचे फॉन्ट लोगोत वापरता येतात. वापरलात तरी आउटलाईनमध्ये (टाईप केलेल्या अक्षराऐवजी नुसत्या आकारात) बदलून निदान दोन-तीन अक्षरं स्वतः घडवा.

४.६ दोन मांडण्या. एक आडवी, एका ओळीत. एक उभी, "मधलं" वर आणि "घर" खाली. उभ्या मांडणीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या-मात्रा एकमेकांत घुसतात तेवढं बघा.

तपासा: लोगो २५ मिमी रुंद छापा, आणि स्क्रीनवर १२० पिक्सेल करून बघा. मग नाव माहीत नसलेल्या माणसाला तीन सेकंद दाखवून मोठ्याने वाचायला सांगा. तो अडखळला तर समजावून सांगत बसू नका, वाचकाला समजवायला तुम्ही प्रत्येक प्रतीसोबत जाणार नाही.

## टप्पा ५: पेन्सिल आणि फुग्यांची जागा

थंबनेल मोठी करून तिच्यावरच पेन्सिल करा, नव्याने काढू नका, पत्त्याएवढ्या चित्रात जो जोर असतो तो नव्याने काढताना निघून जातो. संवाद याच टप्प्यावर खऱ्या फॉन्टमध्ये, खऱ्या साईझला टाईप करून पानावर ठेवायचे. अंदाजाने गोल काढून चालत नाही, मराठी वाक्य अंदाजापेक्षा नेहमी लांब निघतं.

ए५ ला साधारण ९ ते १० पॉइंट. एका फुग्यात २०-२५ शब्दांच्या वर गेलात की तो फुगा राहत नाही, निबंध होतो, त्याचे दोन करा. आधी बोलणारं पात्र डावीकडे ठेवा, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या (बोलणाऱ्याकडे जाणारी टोकं) एकमेकींना ओलांडतात आणि उत्तर आधी, प्रश्न नंतर वाचला जातो.

मोठी चूक: पार्श्वभूमी विसरणं. जिना कुठल्या भिंतीला आहे, दार आत उघडतं की बाहेर, याचा एक साधा आराखडा काढून टेबलासमोर चिकटवा. हॉररमध्ये वाचक जागा लक्षात ठेवून घाबरत असतो. पान ६ ला डावीकडे असलेलं दार पान ९ ला उजवीकडे गेलं तर त्याला वाटतं हेच भुताचं काम आहे, आणि तुमची खरी चाल त्याला दिसतच नाही.

चित्र आडवं फ्लिप करून बघायची सवय लावा, वाकडे झालेले चेहरे लगेच पकडले जातात.

## टप्पा ६: इंकिंग आणि अंधार

क्रम असा: आधी पॅनेलच्या चौकटी, मग पुढची माणसं, मग मागचं, आणि मोठे काळे भाग सगळ्यात शेवटी. पण काळे भाग कुठे येणार यावर पेन्सिलमध्येच फुली मारून ठेवा.

प्रत्येक पॅनेलमध्ये उजेडाचा उगम एकच. टॉर्च असेल तर टॉर्च. खिडकीतून चांदणंही आणि टॉर्चही आणि चेहऱ्यावर खालून उजेडही, असं केलं की चेहरा सुंदर दिसतो पण अंधार पळून जातो.

पोत एका पानावर एक-दोनच. कोरडा ब्रश ओढून भिंतीचा खरखरीतपणा, जुन्या टूथब्रशने शाईचे शिंतोडे, हे हाताशी ठेवा, पण शिंतोडे उडवताना चेहरे आणि फुग्यांच्या जागा कागदाने झाका. आणि भूत जितकं नीट रेखाटाल तितकं ते माणसाळतं. पूर्ण आकृती एकदाच, तीही शेवटाकडे. तोपर्यंत बोटं, सावली, ओली पावलं.

डिजिटल करड्या छटांमध्ये एक घोळ फार होतो. स्क्रीनवर ८५ टक्के आणि १०० टक्के काळा वेगळे दिसतात, छापल्यावर शाई पसरते आणि दोन्ही एकच होतात. अंधारातली आकृती दिसायला हवी असेल तर तिच्यात आणि मागच्या काळ्यात निदान ३० टक्क्यांचा फरक ठेवा किंवा कडेला एक पातळ पांढरी रेघ सोडा. ठिपक्यांचा टोन वापरत असाल तर तो छापायच्या साईझलाच लावा, नंतर लहान केला की जाळीदार लाटा उमटतात.

थांबा: स्क्रीनचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणून सगळी पानं एकदा बघा. जे दिसत नाही ते छापूनही दिसणार नाही.

## टप्पा ७: लेटरिंग

लेटरिंग म्हणजे पानावर शब्द बसवणं. युनिकोड फॉन्टच वापरा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर गेला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं सुटी पडत असतील आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जात असेल तर फॉन्टला शिव्या देऊ नका, टाईपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. इनडिझाईनमध्ये तेच काम वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर करतो.

ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. १० पॉइंटला १४ धरा. त्याहून घट्ट केलंत तर वरच्या ओळीचे उकार खालच्या रफारात अडकतात. फुग्यात ओळी लहान-मोठी-लहान अशा तोडा म्हणजे मजकूर गोलात नैसर्गिक बसतो. सगळीकडून मोकळी जागा, निदान एका अक्षराएवढी.

शेपटी तोंडाच्या दिशेने, पण अर्ध्या वाटेवर थांबलेली. कुजबुजीला तुटक रेघेचा फुगा आणि लहान अक्षर. चौकटीबाहेरच्या आवाजाची शेपटी पॅनेलच्या कडेला टेकवा. न दिसणाऱ्या गोष्टीचा आवाज काळ्या फुग्यात पांढऱ्या अक्षरात चांगला दिसतो, पण ही पद्धत एकाच पात्रापुरती ठेवा, दोघांना दिलीत की कोण बोललं तेच कळत नाही. जोर द्यायला ठळक फॉन्ट वापरा, ओढून तिरपं केलेलं देवनागरी आजारी दिसतं.

आवाजाचे शब्द, कर्रर्र, टप्, खट्ट, हे टाईप करू नका, हाताने काढा, ते चित्राचाच भाग आहेत. दाराच्या करकरण्याचं अक्षर दाराच्या फटीतूनच निघू दे. आणि निम्मे आवाज काढून टाका. पान ११ वर मी आधी प्रत्येक पायरीला "टप्" लिहिला होता. तो काढल्यावर आकडेच आवाज झाले.

चित्र आणि लेटरिंग एकाच लेअरवर चिकटवू नका. शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करायला अख्खी भिंत परत रंगवावी लागते.

## टप्पा ८: कव्हरवर लोगो बसवणं

कव्हरचं चित्र काढायच्या आधी लोगो त्या फाईलमध्ये ठेवा, वरच्या पाव ते एक तृतीयांश भागात, आणि त्याखाली शांत पृष्ठभाग येईल असं चित्र रचा. आधी चित्र आणि मग लोगोला जागा शोधणं म्हणजे मागे झाड, ढग, खिडकी सगळं, आणि वाचता यावं म्हणून अक्षरांभोवती जाड पांढरी बॉर्डर. ती बॉर्डर दिसली की ओळखायचं काय झालंय.

## टप्पा ९: छपाईची फाईल

मोठ्या काळ्या भागाला नुसता १०० टक्के काळा दिलात तर तो छापून धुरकट करडा दिसतो. रंगीत छपाईत त्यात बाकीच्या शाया मिसळा, उदाहरणार्थ निळा ६०, किरमिजी ४०, पिवळा ४०, काळा १००. चारांची बेरीज २४० होते. छापखान्याची मर्यादा किती ते आधीच विचारा, कागदाप्रमाणे ती बदलते, आणि ओलांडली तर शाई वाळत नाही, समोरच्या पानाला डाग पडतात. चारही रंग १०० टक्के ठेवून "एकदम काळाकुट्ट" करणारे इथेच फसतात.

अक्षरं आणि बारीक रेघा मात्र नुसत्या काळ्या शाईतच. त्यांना चार शाया दिल्या आणि एखाद्या शाईची छपाईची प्लेट केसभर सरकली तर प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते. काळ्या फुग्यातली पांढरी अक्षरं याच कारणाने थोडी जाड ठेवा.

एका-एका पानाचीच पीडीएफ द्या, जोड्या लावून देऊ नका, ते काम छापखान्याचं. फक्त १२-१३ सलग आहे हे लिहून कळवा. सगळे फॉन्ट आउटलाईनमध्ये, पण मूळ टाईप केलेली फाईल वेगळी जपून ठेवा. लोगो एसव्हीजी, पीडीएफ आणि पारदर्शक पीएनजी अशा तिन्हीत.

प्रूफ, म्हणजे छापखान्याची नमुना प्रत, हातात आली की वाचू नका, आधी नुसतं उलटा. पान १ उजवीकडे आहे ना, ११ नंतर उलटल्यावर जिना येतो ना, मधल्या घडीत मुलगी गिळली गेली नाही ना. मग कडेच्या पांढऱ्या रेघा. मग काळा रंग, ट्यूबलाईटखाली आणि दिवसाच्या उजेडात, दोन्हीकडे. शुद्धलेखन सर्वात शेवटी आणि ते दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, शक्यतो ज्याने "भधलं धर" वाचलं होतं त्यालाच.